अनुभव धागा : माळ्यावरच्या तबकड्या पुन्हा वाजवायच्या, तर...

मंडळी, रेकॉर्डींच्या आठवणी आल्या की गप्पा गाण्यांवर जातात आणि तबकड्या माळ्यावरच राहतात. म्हणून इथे आठवणी नकोत, हातचं ज्ञान हवं. सुई, चावी, बुरशी, वेग, जे नीट माहीत आहे तेच लिहा.

मिरज

आधी ओळख पटवा. १० इंची, जड (साधारण २०० ग्रॅम), हाताने वाकत नाही, पडली तर काचेसारखी फुटते, ती ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) लाखेची तबकडी. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचं हे मिश्रण. लवचीक आणि हलकी ती व्हिनाइल, म्हणजे एलपी किंवा ईपी. हा फरक न कळल्यामुळे जेवढं नुकसान झालंय तेवढं उंदरांनीही केलं नसेल. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावू नका. साउंडबॉक्सचं, म्हणजे सुई धरणाऱ्या आणि आवाज काढणाऱ्या गोल डबीचं, वजन शंभर ग्रॅमच्या वर, आणि एलपीची खाच २५ मायक्रॉनच्या सुईसाठी कापलेली. एकदा वाजवली की संपली.

स्टीलची सुई एका बाजूला एक. दोन बाजूंना एक नाही, ‘अजून चांगली दिसते’ म्हणूनही नाही. तबकडीतली दगडपूड पहिल्या काही फेऱ्यांतच सुईचं टोक खाचेच्या आकाराचं घासून घेते. तीन मिनिटांनी त्या टोकाला दोन धारदार कडा आलेल्या असतात, आणि तीच सुई पुढच्या रेकॉर्डवर ठेवली की ती पटाशीसारखी चालते. वाजलेल्या सुया वेगळ्या डबीत टाका, नव्यांत मिसळू देऊ नका. सुई तबकडीशी साधारण ६० अंशांत झुकलेली हवी.

फोंडा

आमच्याकडच्या पावसाळ्यात बुरशी ठरलेली. कोरड्या फडक्याने पुसली तर ती खाचेत आणखी दाबली जाते. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे चार-पाच थेंब, जास्त नाही. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायची. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वाळलं की खाचेत क्षार बसतात आणि नवीच खरखर सुरू होते. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. लेबल झाकेल एवढं प्लास्टिकचं झाकण, त्याला खालून रबरी रिंग, आणि धुताना वरून बोटाने दाब, एवढं पुरतं. वाळवायला ताटाळं उत्तम, पण सावलीत.

लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर काहीही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश तसंच तर करतात. पृष्ठभाग मिनिटात मंद होतो आणि परत येत नाही.

डोंबिवली

ठेवण्याबद्दल: उभ्या, सरळ, दर पंधरा-वीस रेकॉर्डींमागे एक फळी. तिरक्या ठेवल्या की वाकतात, आडव्या रचल्या की खालच्या तडकतात. पन्नास तबकड्यांचे १० किलो होतात, तेव्हा प्लायची पातळ फळी चालणार नाही. तडा दिसत नसेल तर मधल्या भोकात बोट घालून तबकडी लटकवा आणि कडेला नखाने टिचकी मारा. ‘टण्ण’ म्हणजे धड, ‘खड्’ म्हणजे तडकलेली. विकत घेताना हे आधी.

इंदूर

चावीच्या यंत्रात तीन जागा बिघडतात.

एक, स्प्रिंग. आतलं ग्राफाइटचं ग्रीस वाळलं की वाजताना मध्येच ‘धप्प’ असा हिसका बसतो. चावी जास्त दिली म्हणून हे होतं असं लोक समजतात, पण दोष ग्रीसचा असतो. स्प्रिंगची डबी उघडणं कारागिराचं काम आहे. कोंडलेली स्प्रिंग सुटली तर बोटं जातात. काम झालं की चावी पूर्ण भरलेली ठेवू नका, उरलेली उतरवा.

दोन, गव्हर्नर, म्हणजे वेग एकसारखा राखणारा भाग. तीन छोटी वजनं पातळ पट्ट्यांवर फिरतात आणि वेग वाढला की चकतीला फेल्टच्या तुकड्याकडे ढकलतात. तो फेल्ट सुका असला तर सूर थरथरतो. हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब. खोबरेल नाही! ते थंडीत थिजतं.

तीन, साउंडबॉक्स. पडद्याच्या दोन्ही बाजूंचं रबर कडक होऊन आवाज फाटतो. लोक सुई बदलत बसतात, बदलायचं असतं ते रबर.

चोरबाजारातल्या चकचकीत पितळी कर्ण्यांबद्दलही सांगतो. त्यातली बरीच यंत्रं नव्याने जुळवलेली असतात: पेटी नवी, कर्णा नवा, कुत्र्याचं चित्र चिकटवलेलं, आणि मोटर एखाद्या मोडक्या पोर्टेबलची. शोभेला हवं असेल तर खुशाल घ्या. वाजवायला हवं असेल तर आपली एक टाकाऊ तबकडी सोबत न्या आणि पूर्ण बाजू ऐका. साउंडबॉक्सची दांडी वेडीवाकडी बसवलेली असते, सुई शेवटच्या इंचात घसरते किंवा वेग पडतो.

पुणे, सदाशिव पेठ

वेगाकडे कोणी लक्ष देत नाही आणि मग ‘बुवांचा आवाज किती चढा होता’ म्हणतात. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८वर ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत. ७४वर घेतलेली तबकडी ७८वर लावली की सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढतो: पांढरी एकचा गवय्या काळी एकमध्ये ऐकू येतो. गायकाची पट्टी ठाऊक असेल तर हार्मोनियम घेऊन बसा आणि वेग जुळवा.

७८ मोजायला तबकडीवर कागदाचा कपटा चिकटवा, सुई टेकवा, आणि ३० सेकंदांत ३९ फेऱ्या मोजा. सुई वर धरून मोजलं तर उत्तर चुकतं, कारण भार पडला की वेग उतरतो. स्ट्रोबची चकती (वेग बरोबर असला की दिव्याखाली हिच्या रेघा थांबल्यासारख्या दिसतात) वापरत असाल तर आपल्या ५० हर्ट्झ विजेसाठीची, म्हणजे ७८ला ७७ रेघा आणि एलपीला १८० रेघा असलेली घ्या. बहुतेक एलईडी दिव्यांखाली रेघा नीट थांबत नाहीत. निऑनचा छोटा दिवा वापरा.

नाशिक

धागा तबकड्यांचा आहे, पण कॅसेटचे दोन शब्द. आवाज अचानक दबका झाला तर टेपमागचा फेल्टचा चिमुकला तुकडा गळालाय का बघा. तो कॅसेटमध्येच खाली पडलेला असतो, पितळी पट्टीवर परत चिकटवता येतो. तुटलेली टेप जोडायला साधी चिकटपट्टी नको, तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो.

बडोदा

संगणकावर उतरवताना: ७८ला ७५ मायक्रॉनची सुई, एलपीची चालत नाही. ती खाचेच्या तळाशी लोळते आणि तिथला सगळा कचरा ऐकवते. स्टीरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असेल तर डावा-उजवा दोन्ही चॅनल घ्या आणि नंतर एकत्र करून मोनो करा. गाणं आडव्या हालचालीत असतं, त्यामुळे उभ्या हालचालीतली बरीच खरखर तिथेच कटते. प्लेअरला ७८ नसेल तर ४५वर उतरवून वेग ७३.३ टक्के वाढवा. तीन मिनिटांचं गाणं उतरवायला पाच मिनिटं बारा सेकंद लागतात. वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा, नुसता टेम्पो नव्हे, नाहीतर ठुमरी राक्षस गातो. या वाटेने आवाजाचा तोल थोडा चुकतो, पण वाकड्या तबकडीवर सुई टिकते.

खरखर काढणारी बटणं जपून. जोर वाढवला की पहिला बळी तंबोऱ्याचा. मागचा झंकार आणि सुईची सळसळ एकाच पट्ट्यात असतात, सॉफ्टवेअरला फरक कळत नाही. मूळ फाइल २४ बिटमध्ये, न सुधारलेली, वेगळी ठेवा.

मिरज (पुन्हा)

बडोद्याला जोड. फाइलच्या नावात लेबलवरचा क्रमांक आणि लेबलशेजारच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, दोन्ही लिहा. एकाच गाण्याच्या दोन वेगळ्या टेक, म्हणजे वेगवेगळ्या वेळी केलेली ध्वनिमुद्रणं, त्यावरूनच ओळखता येतात.

आणि शेवट ‘नीट’ करायच्या नादात गायकाने पुकारलेलं स्वतःचं नाव कापू नका. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांनी तसं नाव पुकारलं, आणि त्या काळातल्या अनेकांनी. ज्यावर ध्वनिमुद्रण होई ते मूळ मेण जर्मनीत हॅनोव्हरला जाई, तबकड्या तिथे छापल्या जात, आणि छापणाऱ्याला बंगाली की मराठी काही कळत नसे. लेबल कोणाचं लावायचं हे त्या हाकेवरून ठरे. १९०८ला कोलकात्यातच कारखाना निघाला. ज्या तबकडीचं लेबल उडालंय तिच्यावर आजही हीच एक सही शिल्लक असते.