मदत हवी आहे: सकाळी ब्रेक किंचाळतात आणि पहिल्या दोन-तीन वेळा नीट धरत नाहीत

वळणवाट (धागाकर्ते)
स्टुटगार्टला असतो. गाडी गेल्या महिन्यात घेतली, वापरलेली. सकाळी ब्रेक इतके किंचाळतात की सिग्नलला लोक वळून बघतात. त्याहून वाईट म्हणजे गॅरेजमधून निघाल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबायला फार वेळ घेते. पॅड भरपूर शिल्लक आहेत, बघितले. पुढचे टायर आतून झिजलेत. शनिवारी आम्ही दोघं हॅम्बुर्गला निघतोय. लवकर सांगा.

तिसरा गियर
गाडी कोणती? डिस्क लोखंडी की सिरॅमिक? पॅड कोणते? टायर कोणते?

नाथमाधव
ब्रेक ऑइल बदला. वापरलेल्या गाडीत हाच पहिला संशयित. डॉट ४ प्रकारचं ऑइल पाणी शोषतं, मग उकळबिंदू खाली येतो. चांगलं रेसिंग ऑइल कोरडं असताना ३०० अंशांच्या वर टिकतं. डॉट ५ चुकूनही घालू नका, ते सिलिकॉनचं असतं.

तिसरा गियर
नाथमाधव, पेडल घट्ट आहे असं त्यांनीच लिहिलंय. ऑइल उकळलं की पेडल मऊ होऊन खाली जातं, आणि तेही गरम झाल्यावर, सकाळी थंड गाडीत नाही. ऑइल बदलायला हरकत नाही, पण हा आजार तो नाही.

वळणवाट
पोर्शे ७१८ केमन जीटी४, २०२०, मॅन्युअल. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारी पकड) लाल आहेत. पॅड आधीच्या मालकाने ट्रॅकसाठी बदललेत, अलाइनमेंटही (चाकांचे कोन) त्यानेच करून घेतली होती. टायर गाडीबरोबर आलेत तेच, मिशेलिन कप २.

तिसरा गियर
हे आधी लिहायला हवं होतं. लाल कॅलिपर म्हणजे लोखंडी डिस्क, ३८० मिमी. सिरॅमिकवाल्यांचे पिवळे असतात.

ट्रॅकचे पॅड गरम झाल्यावरच नीट धरतात. शहरात डिस्क जेमतेम शंभर-दीडशे अंशांवर जाते, ट्रॅकवर पाचशेच्या पुढे. रस्त्याचा पॅड डिस्कवर स्वतःच्या मालाचा पातळ थर बसवतो आणि त्या थरावर घासून धरतो. ट्रॅकचा पॅड थंड असताना असा थर बसवू शकत नाही, उलट असलेला खरवडतो. थर विस्कळीत झाला की पॅड क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. किंचाळी ती. डिस्कही लवकर झिजते, म्हणून 'पॅड भरपूर शिल्लक' यात समाधान मानू नका. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती मोजून बघा.

रानवारा
पॅडच्या कडा ४५ अंशांत घासायच्या, मागच्या पत्र्यावर ब्रेक पेस्ट लावायची. आवाज बंद. नवे पॅड कशाला?

तिसरा गियर
आवाज कमी होईल, पॅड थंड असताना न धरणं तसंच राहील, आणि धोका त्यातच आहे. शिवाय या कॅलिपरमध्ये मूळ पॅडच्या मागे कंपन शोषणारी वजनं असतात, ती पिस्टनच्या पोकळीत बसतात. ट्रॅकचे पॅड घालताना लोक ती काढून ठेवतात. आहेत का, आधी ते बघा.

सह्यकडा
कायद्याचंही बघा. जर्मनीत रस्त्यावर चालवायच्या पॅडला ईसीई आर९० या नियमाची किंवा केबीएची (जर्मन वाहन खातं) मान्यता लागते, क्रमांक मागच्या पत्र्यावर छापलेला असतो. निव्वळ रेसिंगच्या पॅडवर तो बहुधा नसतो. तसे पॅड लावून रस्त्यावर गेलात तर गाडीचा वापरपरवानाच रद्दबातल ठरू शकतो. मूळ पॅड लावा, हे खोक्यात ठेवा, ट्रॅकच्या दिवशी बदला.

वळणवाट
बदलायचे कसे? घरी होईल का?

सह्यकडा
होईल. चाकाचे पाच बोल्ट, घट्ट करायचा टॉर्क १६० न्यूटन मीटर, टॉर्कचा पाना हवाच. झिजेचा सेन्सर काढा, पिन आणि स्प्रिंग काढा, पॅड बाहेर. पिस्टन मागे ढकलण्याआधी ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून पातळी बघा, नाहीतर ऑइल वर येऊन रंगावर सांडेल आणि रंग खाऊन टाकेल. चाकं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. ही पायरी विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही.

मग मोकळ्या रस्त्यावर १०० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक. पूर्ण थांबायचं नाही. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. जुन्या पॅडच्या थरावर नवा माल बसला की स्टिअरिंग थरथरतं, त्यामुळे आधी डिस्क सँडपेपरने पुसून घ्या.

पुणेकर डोंगरी
या गाडीला पुण्यातले गतिरोधक झेपतील का? साध्या केमनपेक्षा ३० मिमी खाली आहे म्हणे.

नाथमाधव
भारतीय मानकाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. तसा असेल तर तिरकी घालून जाईल. सोसायट्यांतले अरुंद, उभे गतिरोधक मात्र पोट घासतात. पुढची ओठपट्टी स्क्रूने बसवलेली असते, ती झिजणारीच वस्तू धरा.

रानवारा
बॅटरीला चार्जर लावून ठेवा. लिथियमची असेल तर शिशाच्या बॅटरीसाठीचा डिसल्फेशनवाला चार्जर लावू नका.

तिसरा गियर
बॅटरीचं कुणी विचारलं नाही. वळणवाट, टायर फक्त आतल्या कडेने झिजलेत ना? मग कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) ट्रॅकचेच ठेवलेले दिसतात. नुसत्या कॅम्बरने टायर इतक्या लवकर खात नाही, टो-आउट, म्हणजे बाहेर वळलेली तोंडं, खातं. या गाडीत कॅम्बर खालच्या दुभागी आर्ममध्ये शिम (पातळ चकत्या) घालून बदलतात. शिम बदलल्या की टो हलतो, तो पुन्हा लावावाच लागतो. गॅरेजवाल्याला आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. आणि आतल्या खाचेत किती मिमी उरलंय?

वळणवाट
आतल्या खाचेत १ मिमी. बाहेर ४.

सह्यकडा
मग हॅम्बुर्ग नाहीच. मुख्य खाचेत १.६ मिमी ही कायदेशीर किमान खोली आहे. त्यात हे कप २, थंडीत कडक होणारे. शून्याखाली सात अंशांच्या आसपास गाडी हलवलीत तर रबराला भेगा पडू शकतात. पावसात तर १ मिमीवर पाणी बाहेर फेकायला काहीच उरलेलं नाही.

रानवारा
नोव्हेंबर आहे, हिवाळी टायर सक्तीचेच आहेत.

सह्यकडा
तारखेची सक्ती नाही, परिस्थितीची आहे: बर्फ, चिखलबर्फ, गोठलेला रस्ता, दवबर्फ. तशा वेळी डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर चालतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर नुसतं 'एम अधिक एस' (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही. दंड ६० युरो आणि चालकाच्या नोंदीत एक पॉइंट.

वळणवाट
पॅडचा पत्रा आरशाने बघितला, आर९० कुठेच नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडे २३१९. शनिवारी रेल्वेची तिकिटं काढतोय. मूळ पॅड आधीच्या मालकाकडे असावेत, विचारतो.

तिसरा गियर
२३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मागचे टायरही बदला, चारही एकदम. पॅडबरोबर ती कंपनशोषक वजनं आणि सेन्सरही मागून घ्या.