एनएफएचएस-५ मधून सुरगाणा-पेठचं तालुकानिहाय खुजेपण काढता येईल का?

प्रश्न (प्रबंध_नाशिक)

नमस्कार. कम्युनिटी मेडिसिनच्या प्रबंधासाठी सुरगाणा आणि पेठमधल्या पाच वर्षांखालच्या खुज्या (वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या) बालकांचं प्रमाण हवं आहे. एनएफएचएस-५ ची (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची) पीआर फाइल, म्हणजे घरातल्या प्रत्येक व्यक्तीच्या नोंदी, स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये उघडून नाशिक जिल्ह्याच्या नोंदी वेगळ्या केल्या, पण टक्केवारी जिल्ह्याच्या फॅक्टशीटशी जुळत नाही. जीपीएस फाइलवरून क्लस्टर (सर्वेक्षणासाठी निवडलेली गावं-वस्त्या) तालुक्यांत वाटले तर चालेल का? नाहीतर तालुक्याचा आकडा कुठून घ्यावा?

उत्तर १ (वजनकाटा)

आधी न जुळण्याचं बघू. एचसी७० या रकान्यात वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर (प्रमाणित मध्यापासून किती स्टँडर्ड डेव्हिएशन दूर) शंभरपट करून ठेवलेला असतो, म्हणून खुजं मूल म्हणजे -२०० पेक्षा कमी. ९९९६ पासून पुढचे आकडे हे मोजमाप नसल्याचे किंवा चुकीचं असल्याचे कोड आहेत. ते मिसिंग केले नाहीत तर छेद फुगतो आणि टक्केवारी खाली येते. बहुतेकांचं इथेच चुकतं. आदल्या रात्री घरात झोपलेलीच मुलं घ्या, म्हणजे एचव्ही१०३ = १. वेट (नमुन्यातल्या नोंदीला द्यायचा भार) एचव्ही००५ आहे. त्याला १० लाखांनी भागायची पद्धत असली तरी तेवढ्याने टक्केवारी बदलत नाही. वेट लावलंच नाही तर मात्र बदलते.

स्टाटाच्या एसव्हीवायसेट (नमुन्याची रचना सांगणाऱ्या) कमांडमध्ये पीएसयूला (क्लस्टरला) एचव्ही०२१ आणि स्ट्रॅटाला (नमुन्याच्या गटांना) एचव्ही०२२ द्या. दुसरं म्हणजे, इतर जिल्हे ड्रॉप करू नका, सबपॉप (फक्त नाशिकचा उपगट मोजणारा पर्याय) वापरा. नाहीतर स्टँडर्ड एरर चुकते.

जीपीएसचा विचार सोडा. गोपनीयतेसाठी ते बिंदू मुद्दाम हलवलेले असतात: शहरी २ किमीपर्यंत, ग्रामीण ५ किमीपर्यंत आणि ग्रामीणपैकी १ टक्का १० किमीपर्यंत. हलवलेला बिंदू जिल्ह्याच्या हद्दीत ठेवतात, तालुक्याच्या नाही. त्यामुळे पेठचा क्लस्टर नकाशावर दिंडोरीत दिसू शकतो. शिवाय एका क्लस्टरमध्ये साधारण २२ घरं, त्यांतली पाच वर्षांखालची मुलं किती निघणार? नमुना जिल्ह्यासाठीच आखलेला आहे, १५ तालुक्यांसाठी नाही.

उत्तर २ (तालुका_आकडे)

एचएमआयएसवर (सरकारी आरोग्य माहिती पोर्टलवर) तालुक्याचे मासिक आकडे मिळतात: प्रसूती, लसीकरण, २५०० ग्रॅमखालचं जन्मवजन. खुजेपण तिथे मिळणार नाही. जे वापराल त्यात रिकामा रकाना आणि शून्य एकच समजू नका. छेद २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेला असतो, म्हणून लसीकरण १०० टक्क्यांच्या वर गेलेलं दिसलं तर दचकू नका.

उंची-वजन पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाड्यांच्या नोंदींच्या अॅपमध्ये) असतं, पण फक्त अंगणवाडीत नोंद झालेल्या आणि मोजलेल्या मुलांचं. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाची लेखी परवानगी लागेल. दिवाळीनंतर या दोन्ही तालुक्यांतली कुटुंबं द्राक्षांच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे उतरतात. त्या महिन्यांत मोजणीला मुलं कमी असतात, आणि गावात राहिलेली मुलं गेलेल्यांसारखीच असतील असं धरता येत नाही.

उत्तर ३ (फील्डवर्क)

मग स्वतःचा सर्व्हे हाच सरळ मार्ग. प्रमाण ४० टक्के, चूक ±५ धरली तर ३६९ मुलं. डिझाइन इफेक्ट (क्लस्टरमुळे नमुना जितक्या पटीने वाढवावा लागतो तो आकडा) १.५ घेतला की ५५४; १० टक्के न भेटणारी धरून ६१६. म्हणजे ३० क्लस्टर, प्रत्येकी २१ मुलं. हा हिशोब एका तालुक्याचा. दोन्हींचे वेगळे आकडे हवे असतील तर दुप्पट. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्या.

फॉर्म कोबोटूलबॉक्सवर (मोबाइलवर सर्व्हे भरायचं साधन) करा, ऑफलाइन चालतो. उंचीला ४५ ते १२० सेंमी अशी मर्यादा घाला आणि उंची दोनदा मोजून वेगवेगळ्या रकान्यांत भरा. फरक ०.५ सेंमीपेक्षा जास्त आला तर तिसरं मोजमाप. २४ महिन्यांखालचं मूल आडवं मोजायचं, वरचं उभं. उलट झालं तर ०.७ सेंमीची दुरुस्ती लागते, म्हणून ‘आडवं की उभं’ हा रकाना सक्तीचा ठेवा.

वय ‘दीड वर्ष’ असं लिहून घेऊ नका. माता-बाल संरक्षण कार्डावरची जन्मतारीख पाहा. ती नसेल तर होळी, भातलावणी, दिवाळी असं स्थानिक कॅलेंडर करून महिना काढा. वयात दोन महिने चुकले तरी झेड-स्कोअर हलतो. झेड-स्कोअर आर (R) या सांख्यिकी भाषेच्या अँथ्रो पॅकेजमधून काढा. वयानुसार उंचीत -६ ते +६ च्या बाहेरचं मोजमाप बाद.

गावांच्या याद्यांबद्दल एक: जुन्या फायली श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये) असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि फाइल जोडताना गावाच्या नावावर नाही, एलजीडी कोडवर (सरकारने प्रत्येक गावाला दिलेल्या क्रमांकावर) जोडा. कोबोतून सीएसव्हीऐवजी एक्सएलएसएक्स उतरवा. सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरीची अक्षरं फुटतात, आणि तशीच सेव्ह केली तर परत येत नाहीत.