मुलगा मान झटकतो, डोपामिन रक्तात तपासता येतं का?

रावेरचा_केळीवाला:
पोऱ्या 8 वर्षांचा, तिसरीत. दिवाळीपासून डोळे मिचकावत होता. थेंब घातले, चष्म्याचा नंबर पाहिला, काही नाही. आता मान उजवीकडे झटकतो अन् घशातून 'हुं' काढतो. वर्गात 'मुद्दाम करतो' म्हणून उभं केलं. माझ्या आईने मीठ-मिरची ओवाळली. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, 'टिक' आहे, म्हणजे आपोआप होणारा झटका किंवा आवाज, मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा प्रश्न. म्हणजे मेंदू बिघडला का? जळगावला रक्त तपासलं तर डोपामिन कळेल का? झोप उडाली आहे भाऊ.

अमळनेरची_मम्मी:
दादा, आधी टोकणं बंद करा. माझी लेक म्हणायची, 'मानेत शिवशिवतं, झटकलं की बरं वाटतं.' आलेली शिंक किती वेळ दाबाल? आम्ही ओरडलो की दुप्पट व्हायचं. परीक्षेत तर विचारूच नका. आता दहावीत आहे, क्वचितच दिसतं.

धुळ्याचा_डॉक्टर:
रक्तावर पैसे घालवू नका. मेंदूतलं डोपामिन त्यात कळत नाही. टिकचं निदान बघून अन् विचारूनच होतं. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा भाग असतो, त्याला शेतात पाणी वळवायला दारं धरणारा समजा, अन् पाणी म्हणजे हालचाल. डोपामिन वाफ्याचं दारं मोडायला लावतं, गाबा नावाचं रसायन ते बुजवतं. टिकमध्ये बुजवणी कच्ची पडते अन् नको त्या वाफ्यात पाणी सुटतं, असं मानतात. बुद्धीला याने धक्का लागत नाही. जोर बहुधा 10 ते 12 वयात असतो, पुढे बऱ्याच मुलांत ओसरतो. वर्षाच्या वर चाललं, तर अशा अनेक झटक्यांना अन् आवाजाला मिळून टुरेट म्हणतात. 1885 मध्ये त्या नावाच्या फ्रेंच डॉक्टरने त्याचं वर्णन केलं. त्रास फार नसेल तर औषध लागत नाही. लागलंच तर क्लोनिडिन, किंवा डोपामिनला आवरणारं रिस्पेरिडोन. त्याने भूक अन् वजन वाढतं, म्हणून मेडिकलवरून परस्पर आणू नका. शिवशिव आली की मान झटकण्याऐवजी दुसरी हालचाल करायला शिकवणारे मानसोपचारतज्ज्ञ शोधा, त्याचा चांगला उपयोग होतो.

रावेरचा_केळीवाला:
डॉक्टरसाहेब, दारं धरण्याचं बरोबर समजलं. आज मुद्दाम न टोकता पाहत बसलो. आजीसोबत बडगीत भरीत ठेचत होता, दहा मिनिटं मान एकदाही हलली नाही. ताटावर बसला अन् पहिल्याच घासाला झटका. मी शेपूची भाजी पुढे सरकवली. उद्या शाळेत बाईंना भेटतो.