मदत हवी आहे: न्यू जर्सीत मेडिकेड मंजूर, पण ऑपरेशन त्याआधीचं

पुतण्याचं फेब्रुवारीत अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तेव्हा नोकरी सुटली होती, विमाही संपला होता. एनजे फॅमिलीकेअरचा (तिथलं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) अर्ज एप्रिलमध्ये केला. मंजूर झाला, पण पत्रात कव्हरेजची सुरुवात 1 एप्रिल आहे.

अर्जाच्या महिन्याआधीचे तीन महिनेही मिळू शकतात, त्या-त्या महिन्यात माणूस पात्र असेल तर, एवढं माहीत आहे. 2027 पासूनच्या अर्जांना ही मुदत कमी होणार आहे, पण आमचा अर्ज त्याआधीचा. काउंटी ऑफिसला फोन केला तर मागच्या महिन्यांसाठी वेगळा अर्ज आणि बिलं पाठवा म्हणाले. हॉस्पिटल मेडिकेड घेतं, आणि तूर्तास वसुलीकडे पाठवणार नाही असं तोंडी सांगितलंय. तोंडीच, हं.

तुम्ही विचाराल म्हणून: तो अमेरिकन नागरिक आहे, वय 27, अविवाहित. न्यू जर्सीत अविवाहित मुलांना काही अटींवर 31 वर्षांचे होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहता येतं, पण तो त्यावर नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्पन्न शून्य. जानेवारीत मात्र शेवटचा पगार आणि साठलेल्या रजेचे पैसे एकदम आले, तो महिना मर्यादेबाहेर जाईल. चॅरिटी केअरचा (हॉस्पिटलचं बिल माफ किंवा कमी करणारी योजना) पर्याय माहीत आहे, पण आधी हे मार्गी लावायचंय.

अर्जात जानेवारी वगळून फक्त फेब्रुवारी मागावा का? आणि भूल देणाऱ्या डॉक्टरचं बिल वेगळं आलंय, ते मेडिकेड घेत नाहीत. ते खिशातूनच भरावं लागेल का? आधी भरलेले थोडे पैसे हॉस्पिटलकडून कुणाला परत मिळालेत का?