सरकारी बालवाडी : सगळ्यांसाठी की गरजूंसाठीच?

पाटीपेन्सिल : सरकारी बालवाडीचा पट वाढला की सगळे खूश. मला नुसत्या पटावरून काहीच कळत नाही. किती मुलांमागे किती मोठी माणसं आहेत? वर्गात कोणाकोणाची मुलं बसतात? माझ्या मते बालवाडी सगळ्यांना खुली हवी. फक्त गरिबांसाठी काढलेली सोय कालांतराने स्वतःच गरीब होते, कारण तिच्यासाठी भांडायला कोणी वजनदार माणूस नसतो. अमेरिकेत १९६५चा 'हेड स्टार्ट' हा सरकारी बालवाडी कार्यक्रम मुख्यतः गरीब घरांसाठी आहे. ओक्लाहोमा राज्याने मात्र १९९८ मध्ये चार वर्षांच्या सगळ्याच मुलांना दार उघडलं.

हिशोबी : आणि जागा वीस, अर्ज चाळीस झाले की? ज्यांना फॉर्म कधी निघतो हे ठाऊक असतं ते आधी पोचतात. जिला कामावरून सुट्टी मिळत नाही, तिचं मूल बाहेरच राहतं. हेड स्टार्टमध्ये किमान दहा टक्के जागा अपंगत्व असलेल्या मुलांसाठी असतात. वैविध्य असं नियमाने आणावं लागतं, दार उघडं टाकून ते येत नाही. शिवाय अमेरिकेतल्याच मिशिगन राज्यातला १९६२ पासूनचा 'पेरी' हा बालवाडीचा प्रयोग बघा. १२३ मुलं, सगळी गरीब कृष्णवर्णीय घरांतली. त्यातली ५८ बालवाडीत गेली. चाळिशीपर्यंत माग काढला, तर बालवाडीत न गेलेल्यांपेक्षा त्यांची कमाई जास्त आणि अटका कमी. कुठे होता तिथे मिश्र वर्ग?

पाटीपेन्सिल : पेरीत सहाएक मुलांमागे एक शिक्षिका होती आणि दर आठवड्याला घरभेट. तेवढी माणसं द्या, मग बोलू. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची बालवाडीही गरीब मुलांसाठीच होती ना? चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले होते. २०२२ मध्ये निष्कर्ष आला : सहावीत पोचेपर्यंत प्रवेश मिळालेली मुलं न मिळालेल्यांच्या मागे.

हिशोबी : म्हणजे माझंच म्हणणं की! माणसं मोजकी आहेत, तर ती मोजक्या मुलांना द्या. सगळ्यांना वाटत बसलात तर कोणालाच पुरणार नाहीत.

पाटीपेन्सिल : ओक्लाहोमात सगळ्यांना खुलं ठेवूनही वर्ग वीसचा, दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि बालवाडीच्या बाईंना शाळेतल्या शिक्षकांइतका पगार. ठरवलं तर जमतं.

वर्गातून : तुम्ही दोघंही राज्यं मोजताय, मी रोज डोकी मोजते. वीस मुलांना आम्ही दोघी, हे कागदावर. मदतनीस एकाला शौचालयात घेऊन गेली की उरलेल्या एकोणिसांना मी एकटी, आणि चावाचावी नेमकी तेव्हाच होते. माझ्या वर्गात तीन घरभाषा आहेत. एक मुलगी दोन महिने तोंडातून शब्द काढत नव्हती. मग तिच्या भाषेची मदतनीस आली, आणि बाई काय बोलायला लागली म्हणता! पगार परवडेना म्हणून मदतनीस सोडून गेली. मुलगी पुन्हा गप्प. मुलांत वैविध्य हवं म्हणता, ते आमच्यातही नको का?

हिशोबी : हा मुद्दा मान्य, ताई. प्रवेशाबद्दलचं मत मात्र तेच.

पाटीपेन्सिल : तुमच्याकडे ती जागा भरली का मग?

वर्गातून : नाही. पट तपासायला मात्र उद्याच येतायत.