पॅसेजमधला कॅमेरा: सुरक्षा कोणाची, पाळत कोणावर?

नेरुळकर:
आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं, दारं समोरासमोर, मध्ये चिंचोळा पॅसेज. समोरच्यांनी दारावर कॅमेरा लावलाय. आमचं दार उघडलं की हॉलमधला सोफा, पंख्याखाली लोळणारी मुलं, सगळं त्यांच्या मोबाइलवर. संध्याकाळी उंबऱ्याशी वाती वळत बसणाऱ्या सासूबाई आता दार लोटून आत बसतात. कॅमेरा जरूर लावा, पण त्यात आपलंच दार दिसावं.

ऐरोलीकर:
पटत नाही. माझे आई-बाबा दिवसभर एकटे, दोघांनीही सत्तरी ओलांडलेली. गॅसची पाइपलाइन तपासायला आलोय म्हणत कोणीही बेल वाजवतं. मी ऑफिसातून बघतो, बोलतो, मगच ते कडी काढतात. पॅसेज सोसायटीचा आहे, तिथला माणूस दिसणारच. वॉचमनला दिसत नाही का?

नेरुळकर:
वॉचमन बघतो आणि विसरतो. कॅमेरा साठवून ठेवतो. आणि पॅसेज सगळ्यांचा, म्हणूनच एकट्याने ठरवायचं नाही.

सीवूड्सवाली:
२०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ चा डेटा संरक्षण कायदा कोणी निव्वळ घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही, त्यामुळे शेजाऱ्याविरुद्ध त्यावर भिस्त ठेवू नका. त्यापेक्षा अ‍ॅप उघडा. बऱ्याच कॅमेऱ्यांत 'प्रायव्हसी मास्क' असतो. समोरच्या दारावर बोटाने चौकोन ओढला की तेवढा भाग काळा होतो, रेकॉर्डिंगमध्येही येत नाही. माइकही बंद ठेवा.

कोपरखैरणेकर:
पासवर्डही बदला. २०१६ मध्ये 'मिराई' व्हायरसने कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवलेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते.

ऐरोलीकर:
मास्क लावतो. माइक बंद करणार नाही, दाराशी आलेल्याशी बोलू कसा?

नेरुळकर:
बोला की, त्याला कोण नको म्हणतं? पण सासूबाई शेजारणीला आपल्या दुखण्याबद्दल सांगतात, ते कोणाच्या मेमरी कार्डावर का राहावं? मी सोसायटीच्या सभेत मांडणार आहे: मास्क सक्तीचा, आवाजाचं रेकॉर्डिंग नको आणि ज्याचं दार समोर आहे त्याने मागितल्यास स्क्रीन दाखवायची.

ऐरोलीकर:
पहिल्या दोन्हींना माझा हात वर. तिसऱ्याला विरोध. स्क्रीन दाखवली की माझे आई-बाबा कधी बाहेर पडतात, कोण येतं-जातं, तेही समोरच्याला कळणार. खासगीपणा त्यांनाही आहे.

नेरुळकर:
मग कमिटीतल्या दोघांनी बघावं. पण कोणीतरी बघायलाच हवं, नुसत्या शब्दावर मी विसंबणार नाही.