आधी अडलंय कुठे ते बघा
गणितात मागे पडलेल्या मुलांना शिकवायला स्वयंसेवक ताई-दादांनी आठवड्यातून एकदा सलग दोन तास बसावं, असं सुचवलं जातं; पण सलग दोन तास सहावी-सातवीच्या मुलांना झेपत नाहीत. पाऊण तासाच्या दोन बैठका बऱ्या. पहिल्या भेटीत गृहपाठ नकोच. दोन इयत्ता खालची दहा गणितं द्या, मोठ्याने बोलत सोडवू द्या. १/२ + १/३ चं उत्तर २/५ आलं, तर अंशात अंश, छेदात छेद मिळवलाय. लगेच नियम सांगू नका. सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्यांवर भाग आखायला लावा; बेरीज अर्ध्यापेक्षाही कमी कशी, हा प्रश्न मुलालाच पडतो. पेन्सिल त्याच्याच हातात राहू द्या (आपण घेतली की नुसती मान डोलते). भेट शाळेतच, चारचौघांच्या नजरेत. वर्षभर जमणार नसेल तर सुरूच करू नका. ताई-दादा मध्येच यायचे थांबले की मुलं त्याचा दोष स्वतःकडे घेतात.